पाठीवरचे किलो

साठच्या दशकात मुंबईच्या मस्जिद बंदर भागात शंभर किलोंची गोणी एकट्या हमालाच्या पाठीवर चढायची. मजुरी मुकादम ठरवेल ती. कंबर धरली की माणूस गावी परत. सातारा जिल्ह्यातून आलेल्या अशा हजारोंना अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळे आली; मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळायचा.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत घाऊक बाजार खाडी ओलांडून वाशीला आले, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. कोपरखैरण्यात माथाडींचे रुग्णालय उभे राहिले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्याला कारखाने वाढले, तशा माथाडींच्या टोळ्या तिथेही कामाला लागल्या.

कारखान्यात दोनशे लिटरचा भरलेला ड्रम कडेवर तिरपा करून फिरवत नेतात. पोलादाची कॉइल घसरून पाय चिरडला तर पंचनामा होतो, भरपाईचा दावा लागतो. कंबरेची दुखापत अशी एका क्षणाची नसते. वाकून उचलताना ओझे अंगापासून जितके लांब, तितका खालच्या मणक्यांवर ताण जास्त. मणक्यांमधली चकती वर्षानुवर्षे झिजते आणि एके दिवशी घरी पाण्याची बादली उचलताना सरकते. मग कारखान्याचा संबंध कोण मानणार? २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या भरपाई कायद्याने दिलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा होती, गोंगाटाने आलेला बहिरेपणा होता. ओझ्याने गेलेली कंबर नव्हती.

वजनाची मर्यादा मात्र कागदोपत्री खाली येत गेली. इजा होईल इतके वजन कोणाला उचलायला लावू नये, असे २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने कायद्याचे कलम ३४ सांगत असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची शिफारस केली. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९१ साली अगदी अनुकूल स्थितीतही २३ किलोंवर थांबायला सांगितले. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मात्र ५० किलोंहून जड गोणी नको, एवढ्यासाठी अलीकडेही माथाडींना काम थांबवावे लागले.

माथाडींच्या संघटनेने मजुरीला कायद्याचे संरक्षण मिळवून दिले. पाठीला ते अजून मिळायचे आहे. प्रत्येक नगावर वजन छापलेले असावे, ड्रमसाठी ट्रॉली सक्तीची असावी आणि टोळीतल्या प्रत्येकाच्या कंबरेची दरवर्षी तपासणी होऊन मंडळाच्या दफ्तरात तिची नोंद राहावी. नोंदच नसेल, तर उद्या भरपाई मागायची कशाच्या आधारावर?