ज्यूडी गार्लंडच्या सुरुवातीच्या तबकड्या

'द विझर्ड ऑफ ओझ'च्या आधीची ज्यूडी ऐकलीय का? जून 1936 मध्ये, नुकतीच चौदा वर्षांची झालेली असताना, तिने डेक्का कंपनीसाठी बॉब क्रॉस्बीच्या वाद्यवृंदाबरोबर 'स्टॉम्पिन अ‍ॅट द सॅव्हॉय' गायलं. ही तिची बाजारात आलेली पहिली तबकडी. काय दमदार आवाज आहे!

संग्रह करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : 'ओव्हर द रेनबो' हे गाणं 'द विझर्ड ऑफ ओझ' या सिनेमासाठी 1938 मध्ये आणि डेक्कासाठी 1939 मध्ये वेगवेगळं ध्वनिमुद्रित झालं. त्या काळातल्या 78 आरपीएम तबकडीवर डेक्काचंच रूप मिळतं. सिनेमातला मूळ साउंडट्रॅक एलपीवर आला थेट 1956 मध्ये.

या लाखेच्या तबकड्या एलपीच्या बारीक सुईवर लावू नका. 78 साठीची जाड सुई वापरा. आणि त्या नेहमी उभ्याच ठेवा. दोन्ही 'रेनबो' लागोपाठ ऐकाच!