लोहचुंबक आखतो उष्णतेची वाट

कुकरची मूठ काळ्या प्लास्टिकची का असते, हे आमच्या भगिनींना सांगायला नको. भांडे तापते, पण मूठ हाताला सोसते. लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञाने १९०७ साली बेकेलाइट तयार केले, तेव्हापासून प्लास्टिकचा हा गुण घरोघरी कामी येत आहे.

मात्र स्वयंपाकघरातला हा गुण विजेच्या उपकरणात दोष ठरतो. एलईडी दिवा, चार्जर, मोटार, विजेच्या स्कूटरची बॅटरी यांत ओल-धूळ शिरू नये, भाग हलू नयेत, म्हणून पुष्कळदा आत राळ ओततात. ही राळ वीज अडवते, ते हवेच असते. पण ती उष्णताही अडवते. आत कोंडलेल्या उष्णतेने सुटे भाग लवकर निकामी होतात आणि पोटाला चिमटा घेऊन घेतलेली वस्तू भंगारात जाते. २०२२ साली पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या. कारणे अनेक असतील, पण बॅटरीतली उष्णता आवरली नाही तर काय होते, हे तेव्हा सर्वांनी पाहिले.

आता आकडे पाहू. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांब्याचा आकडा सुमारे ४००, तर एपॉक्सी राळेचा जेमतेम ०.२. म्हणजे फरक दोन हजार पटींचा!

मग राळेत धातूची भुकटी का मिसळू नये? कारण भुकटी जास्त झाली तर वीजही वाहू लागते आणि उपकरण शॉर्ट होते. यावर बोरॉन नायट्राइड ही पांढरी भुकटी उपयोगी पडते. ती उष्णता नेते, वीज नेत नाही. तिचे कण चपट्या पापुद्र्यांसारखे असतात. उष्णता पापुद्र्याच्या लांबीतून झपाट्याने जाते, जाडीतून मात्र फार कमी. हे पापुद्रे राळेत अस्ताव्यस्त पडले तर उष्णतेला सलग वाट मिळत नाही. रानात डबकी साचली म्हणून पीक भिजत नाही, त्याला पाट काढावा लागतो. तसेच हे आहे.

हा पाट लोहचुंबक काढून देतो. तामिळनाडूतील कल्पाक्कम येथील इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रात जॉन फिलिप आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेलासारख्या द्रवात मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या काळ्या ऑक्साइडचे, नॅनोकण होते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चुंबकाच्या प्रभावाने या कणांच्या साखळ्या झाल्या आणि त्या दिशेने द्रवाची उष्णतावाहकता कित्येक पटींनी वाढली.

द्रवातल्या साखळ्या चुंबक काढला की विस्कटतात. राळ मात्र घट्ट होते आणि कण ओळीतच कायम राहतात. झुरिचच्या संशोधकांनी २०१२ साली अ‍ॅल्युमिनाच्या पापुद्र्यांवर लोह ऑक्साइडचे नॅनोकण चिकटवले आणि अगदी सौम्य चुंबकाने ते हवे तसे उभे-आडवे केले. त्यांचा हेतू मजबुती हा होता. हीच युक्ती पुढे बोरॉन नायट्राइडवर वापरली गेली. भुकटी तेवढीच ठेवूनही हव्या त्या दिशेने उष्णता अधिक वाहू लागली. मॅग्नेटाइट स्वतः उष्णता फारशी नेत नाही. त्याचे काम इतरांना ओळीत आणण्याचे. संघटनेचे मोल आमच्या समाजाला वेगळे सांगायला नको!

अडचणीही आहेत. राळ फार दाट असली तर पापुद्रे वळत नाहीत. एका दिशेची वाट सुधारते, तेव्हा आडव्या दिशेची कमी होते. म्हणून उष्णता कुठून कुठे न्यायची, हे आधी ठरवावे लागते.

कारखान्यात राळेचे काम करणाऱ्या बांधवांना एक कळकळीची सूचना. राळ आणि हार्डनर उघड्या हातांनी हाताळू नका, त्वचेला कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. हातमोजे आणि भुकटीसाठी मास्क मालकाकडे हक्काने मागा.

चुंबकी कडे घातल्याने दुखणी बरी होतात, असे सांगून पैसे उकळणारे आजही भेटतात. चुंबकाची खरी करामत मुलांना विहारातल्या रविवारच्या वर्गात दाखवा. कागदावर लोखंडाचा कीस पसरा, खाली चुंबक धरा, कागदाला हळूच टिचकी मारा. विखुरलेले कण ओळी धरतात. येथे चमत्कार नाही, कार्यकारणभाव आहे. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, ही तर आपल्या धम्माचीच रीत आहे.