परदेशवास आणि उच्चार

परक्या भाषेचा उच्चार साधावयाचा तर त्या देशांत जाऊन राहावें, अशी आपली सर्वांची समजूत असते. मुलांच्या शिक्षणासाठीं पदरमोड करणाऱ्या पालकांची तर ती श्रद्धाच असते. स्पॅनिश भाषेच्या बाबतींत मॅन्युएल दियास-काम्पोस यांनीं ती पारखून पाहिली व २००४ सालीं आपलें संशोधन प्रसिद्ध केलें.

स्पॅनिश शिकणारे ४६ इंग्रजीभाषी विद्यार्थी त्यांनीं घेतले. पैकीं २६ जण स्पेनमधील आलिकांते शहरीं एक सत्र राहिले. उरलेले २० मायदेशींच वर्गांत शिकले. सत्राच्या आरंभीं व अखेरीस सर्वांकडून उतारा वाचवून घेऊन त्यांतील ६० शब्दांचे उच्चार तपासले.

स्पॅनिशमध्यें 'पान' म्हणजे पाव. (आपला 'पाव' शब्द पोर्तुगीजांनीं दिला, दोहोंचें मूळ एकच लॅटिन शब्द.) आपणांस हा 'प' सहज येतो, पण इंग्रजीभाषी मनुष्य शब्दारंभीं त्यावर श्वास सोडतो आणि आपल्या कानास 'फान' असा भास होतो. 'त' व 'क' यांचेंही तसेंच. शब्दाच्या शेवटीं येणारा 'ल' म्हणतांना त्याच्या जिभेचा मागील भाग उचलला जातो. या दोन्ही दोषांत दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले! आपल्या वर्णमालेंत बहुधा रिकामा बसणारा 'ञ' स्पॅनिशमध्यें नित्य कामास येतो. तो दोन्ही गटांस आधींपासूनच चांगला येत होता.

अडलें तें निराळ्याच ठिकाणीं. 'नादा' म्हणजे 'कांहीं नाहीं'. यांतील 'द' दोन स्वरांमध्यें आल्यामुळें मृदु होतो. जीभ दांतांस पुरती चिकटत नाहीं, वारा मधून निसटतो. 'ब' व 'ग' यांचीही हीच गत. हे उच्चार वर्गांतल्यांस साधले नाहींत, आणि आलिकांतेस राहिलेल्यांसही नाहींत. गंमत अशी कीं, इंग्रजी 'धिस' शब्दाचा पहिला ध्वनि जवळजवळ हाच. म्हणजे जिभेस तो नवा नव्हता. माझ्या मतें दोष कानाचा. पुरा 'द' म्हटला तरी अर्थ बिघडत नाहीं, दुकानदार समजून घेतो, चूक कोणी दाखवीत नाहीं; आणि कागदावरचें अक्षर तर ओळखीचेंच.

प्रगतीचा संबंध दिसला तो, भाषेचें शिक्षण किती वर्षें झालें आणि वर्गाबाहेर ती किती दिवस बोलली गेली, अशा गोष्टींशीं. परदेशीं जाऊनही सोबत्यांशीं स्वभाषेंतच गप्पा मारणारे पुष्कळ असतात.

तथापि ही परीक्षा वाचनाची होती. २००६ सालीं याच अभ्यासकानें मोकळें संभाषणही तपासलें. तेथें मात्र स्पेनांत राहून आलेल्यांचे उच्चार सरस ठरले.