मामांचं दुकान क्लाउडवर न्यायचं का?

फोन हरवला तरी गूगल फोटोजमधले फोटो नव्या फोनवर परत दिसतात, कारण ते कंपनीच्या डेटा सेंटरमध्येही साठवलेले असतात. हाच क्लाउड. पण दुकानाचं बिलिंग, स्टॉक, उधारी हे सगळं तिकडे न्यायचं का? हा प्रश्न मला माझ्या मामांमुळे नीट समजला.

सांगलीत मामांचं स्पेअर पार्ट्सचं होलसेल दुकान आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि कॉम्प्युटर गेला. बॅकअप होता, पण पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये! कोणाकडून किती येणं आहे हेच कळेना. जुन्या वह्या आणि व्हॉट्सॲपवरचे बिलांचे फोटो जुळवण्यात दोन महिने गेले. काही उधारी तर बुडालीच.

मामा म्हणाले, "सगळं क्लाउडवर टाकून दे बाबा. एकदाची कटकट मिटू दे."

मी म्हटलं, "मामा, तुमचा टेम्पो रोज पळतो म्हणून तुम्ही तो विकत घेतलात. पण दिवाळीत माल वाढला की जास्तीचा टेम्पो भाड्याने आणता ना? सर्व्हरचंही तसंच आहे."

मोठ्या कंपन्यांनीही दोन्ही बाजूंनी निर्णय घेतलेत. २००८ मध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. मग त्यांनी हळूहळू आपली बरीचशी यंत्रणा ॲमेझॉनच्या क्लाउडवर नेली. हे काम २०१६ मध्ये संपलं. उलट, बेसकॅम्प बनवणाऱ्या ३७सिग्नल्सने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं ठरवलं. त्यांचं त्या वर्षाचं क्लाउडचं बिल सुमारे ३२ लाख डॉलर होतं आणि वापर बराचसा ठरलेला होता. त्यांना स्वतःचे सर्व्हर स्वस्त पडत होते.

म्हणून "सगळं न्यायचं का?" असं विचारू नका. प्रत्येक सॉफ्टवेअरसाठी वेगळे चार प्रश्न विचारा:

१. वापर एकसारखा आहे की मधूनच खूप वाढतो? वाढत असेल तर क्लाउड सोयीचा.

२. नेट गेलं तर काम थांबून चालेल का?

३. पाच वर्षांचा खर्च किती? एका बाजूला महिन्याचं भाडं गुणिले ६०. दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर, यूपीएस, वीज आणि दुरुस्ती.

४. उद्या सोडायचं म्हटलं तर डेटा कसा बाहेर निघेल? बऱ्याच ठिकाणी मोठा डेटा बाहेर काढायलाही पैसे लागतात.

आणि हो, क्लाउडवर टाकलं म्हणजे बॅकअप झाला, असं नाही! मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा दुसरीकडे बॅकअप नव्हता, अशा काही ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. मामांच्या ड्रॉवरसारखीच गोष्ट.

शेवटी आम्ही काय केलं? बिलिंग दुकानातच ठेवलं, कारण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना नेटची वाट बघता येत नाही. सेल्समन गावोगावी फिरून ऑर्डर घेतात, तो भाग क्लाउडवर नेला. बिलिंगचा बॅकअप रोज रात्री आपोआप क्लाउडवर जातो. दर तीन महिन्यांनी तो मी माझ्या लॅपटॉपवर उघडून बघतो, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. मामांनी माल वरच्या मजल्यावर हलवला. कॉम्प्युटर मात्र घाईत खालीच राहिला आणि भिजला. पाणी ओसरल्यावर नवीन मशीन आणलं, बॅकअप चढवला आणि संध्याकाळपर्यंत उधारीची अख्खी यादी समोर होती.

तुमच्या घरी दुकान किंवा छोटा धंदा असेल तर आज एवढंच विचारा: "आपला बॅकअप कुठे आहे?" उत्तर "त्याच ड्रॉवरमध्ये" असेल, तर क्लाउडची सुरुवात तिथूनच करा.