असं का होतं? : हिरडी चोळली की बाळ शांत का होतं?

चाकणची दुसरी पाळी संपवून बाबा मध्यरात्री भोसरीत घरी पोचतो, तर ७ महिन्यांचं बाळ जागंच! किरकिर चाललेली, झबलं लाळेनं ओलंचिंब. आजी हात धुऊन हिरडीवर हलकेच बोट फिरवते. बाळ ते बोट चावत राहतं आणि गप्प होतं.

दाताचा कोंब बाळ पोटात असतानाच तयार होऊ लागतो. साधारण सहाव्या महिन्यात दात वर सरकतो, बहुधा खालचे पुढचे दोन आधी. तो हिरडी फाडत नाही. पेशीच वरचं हाड आणि हिरडी हळूहळू विरघळवून वाट करून देतात. त्यात हिरडी सुजते, हुळहुळते.

मग बोटानं काय होतं? पाळी सुटताना कंपनीचं गेट आठवा. बसगाड्यांची रांग लागली की दुचाकी मागेच अडकते. मज्जासंस्थेतही असंच एक ‘गेट’ असतं, असं मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं. स्पर्शाचे निरोप गर्दी करतात, वेदनेचे मागे राहतात.

फ्रीजमध्ये गार केलेला ओला, स्वच्छ फडकाही चघळायला द्या. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात, नसांचे निरोप मंदावतात. फडका गोठवू मात्र नका.

बधिर करणारं जेल नको. त्यातल्या बेन्झोकेननं रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटू शकते. वर्षाच्या आत मधही नको. आणि जोराचा ताप किंवा जुलाब झाले, तर ‘दात येताहेत’ म्हणून थांबू नका. बाळाला डॉक्टरांकडे न्या.