पाण्याचे पासबुक

पहिला पूर आला की आमच्या नांदेडला गोदावरी दुधाच्या चहासारखी दिसू लागते. लहानपणी अशा दिवसांत आई हंड्यात तुरटी फिरवायची, तळाशी एक नाणे टाकायची आणि बजावायची, ‘‘नाणं दिसल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.’’

आईची ही युक्ती शास्त्रालाही मान्य आहे. १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाण्याची नितळता मोजली. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी वापरतात. दोरीने ती सावकाश खाली सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली टिपायची, वर ओढताना पुन्हा दिसली तीही टिपायची. दोहोंची सरासरी म्हणजे नितळता.

मात्र कारणही ओळखावे लागते. विष्णुपुरीसारख्या जलाशयात पावसाळ्यातला तांबूसपणा गाळाचा असतो. उन्हाळ्यात साठा घटला आणि पाणी हिरवट झाले, तर सांडपाण्यातल्या आणि खतांतल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ पोसले आहे, असा संशय घ्यावा. आणि आईच्या नाण्याला जे कळत नव्हते ते असे : नितळ पाण्यातही जंतू, नायट्रेट, फ्लोराइड असू शकतात. त्यासाठी प्रयोगशाळेला पर्याय नाही.

२०१६च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आले. माझी थोरली बहीण तिथेच राहते. फोनवर मी विचारले, ‘‘अक्का, पाणी कसं आहे गं?’’ ती म्हणाली, ‘‘कसं आहे ते नंतर बघू, आधी येऊ तर दे!’’ टंचाईत पहिला बळी जातो तो याच प्रश्नाचा. आणि पाणी कमी उरले की तेवढीच घाण अधिक दाट होते. म्हणजे विचारायची खरी वेळ तीच.

बँकेत उभी हयात गेली. शिल्लक संपल्यावरच पासबुक उघडणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले. एका नोंदीवरून खाते कळत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून कळते. पाण्याचेही तसेच. एक तबकडी, एक दोरी, एक वही, सोबत जाणता शिक्षक आणि दर महिन्याला ठरलेली जागा, एवढे तळ्याकाठच्या कुठल्याही शाळेला जमेल.

आईचे नाणे हंड्याचा तळ दाखवायचे. आता तळ्याचा हिशेब आपण ठेवायचा आहे.