एक हजार चोवीसांतला एक

2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं नाव राज्यभर झालं आणि कुणबी दाखल्यासाठी मराठवाड्यातल्या घराघरांत पूर्वजांच्या कागदाचा शोध सुरू झाला. कुणबी नोंदी धुंडाळण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पहिल्या अहवालापर्यंत सुमारे 1 कोटी 72 लाख नोंदी तपासून झाल्या होत्या. मिनिटाला एक नोंद, रोज आठ तास, एकही सुट्टी नाही, अशा हिशेबाने एकट्या माणसाला या कामाला 98 वर्षं लागली असती. त्यातून कुणबी नोंदी निघाल्या 11,530. दीड हजारांत जेमतेम एक.

कुठे कुठे शोधलं, त्याची यादीही वाचण्यासारखी आहे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना 14, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, खरेदीखतं, कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्या, अगदी ताडीच्या नोंदवह्यासुद्धा. काही मोडीत, काही उर्दूत. आणि याच यादीत एक नाव होतं: नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, 1951. त्या वर्षीच्या जनगणनेवरून गावोगाव उतरवून काढलेलं.

हे रजिस्टर महत्त्वाचं अशासाठी, की जनगणनेतली माणसागणिक माहिती आपल्याकडे कुणाला बघायला मिळत नाही. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 ती मुभाच देत नाही. अमेरिकेत 72 वर्षं उलटली की नावानिशी पानं खुली होतात. 1950 ची तिथली जनगणना एप्रिल 2022 मध्ये खुली झाली, सुमारे 15 कोटी माणसांची. पणजोबा कुठल्या देशातून येऊन तिथे राहिले, हे तिथली पतवंडं घरबसल्या वाचतात.

आपल्याकडे दुसऱ्या देशातून आलेला पणजोबा क्वचितच कुणाचा. पण दुसऱ्या गावाहून आलेली पणजी घरोघरी आहे.

आता वंशावळीचं गणित मांडून बघू. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या वरची पिढी आठ. दर पिढीला दुप्पट. दहाव्या पिढीला 1,024 माणसं, पाचशे बारा पुरुष आणि पाचशे बारा बाया. दाखल्यासाठी काढलेली वंशावळ बापाच्या बाजूने वर जाते, म्हणजे त्या पिढीतल्या एकाच माणसाला धरते. उरलेल्या 1,023 जणांचं रक्त आपल्यात तेवढंच असू शकतं, पण कागदावर ते नाहीत.

आणखी वर गेलं की आकडा डोक्यात मावत नाही. तिसाव्या पिढीला 107 कोटींहून जास्त. पिढी पंचवीस वर्षांची धरली तर हा काळ साडेसातशे वर्षांपूर्वीचा, देवगिरीवर रामचंद्रदेव यादवाचं राज्य होतं तेव्हाचा. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या याच्या निम्मीही नव्हती. मग एवढे पूर्वज आले कुठून? तीच माणसं वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. मामाच्या मुलीशी लग्न झालं, की त्यांच्या लेकरांचे आठ पणजोबा-पणज्या सहावर येतात. मराठवाड्यात अशी लग्नं किती, हे सांगायला नको. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचे आणि मंठ्याचे लोक एकमेकांना परके म्हणत असतील, पण इतक्या मागे त्यांचे पूर्वज वेगळे राहणं फार अवघड आहे.

या गावांना जोडलं ते मुख्यतः लग्न होऊन गेलेल्या बायांनी. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 45 कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यातल्या जवळपास 21 कोटींनी कारण सांगितलं लग्न, आणि त्या जवळजवळ सगळ्या बाया. जालना जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या 19,59,046. असे शंभराहून जास्त जिल्हे भरतील एवढ्या बाया गाव सोडून दुसऱ्या गावी नांदायला गेलेल्या.

त्यांचा माग काढणं सगळ्यात कठीण. पुष्कळ जुन्या जन्मनोंदींत बापाचं नाव असतं, पुढे मुलगा की मुलगी एवढंच. आईचा पत्ता नाही. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, की जुनं नाव माहेरीच राहिलं. आडनाव गेलं, नाव गेलं, गावही गेलं. सुनेला ‘तुझा जन्म कुठला, याआधी कुठे राहत होतीस’ असं विचारून ते लिहून घेणारा सरकारी माणूस म्हणजे जनगणनेचा प्रगणक. आणि नेमकं तेच उत्तर तिच्या नातवंडांना कायद्याने मिळत नाही. जिवंत माणसांची माहिती गुप्तच हवी, यात वाद नाही. पण शंभर वर्षांनंतर तरी ती पानं जपून खुली करावीत, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर हे काम आपणच करायचं. बहुतेकांना चार पणज्या असतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि चौघींचं लग्नाआधीचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव विचारून वहीत लिहून ठेवा. एखाद्या पणजीचं नाव कुणालाच आठवत नसेल, तर निदान गाव तरी लिहा.